रंगखान्याच्या टाकीसाठी वन-वायर मास्टर ड्रायव्हर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या रंगखान्यात टाकीचं तापमान लिनक्स बोर्डावर घ्यायचं, तर वन-वायरवर (एकाच डेटा तारेच्या बसवर) बोलणारा एक डीएस१८बी२० तापमान-सेन्सर आणि डेटा व व्हीडीडी (वीजपुरवठ्याची तार) यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. साधी जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारी) पिन असेल तर कर्नलमधला तयार ड्रायव्हर डब्ल्यू१-जीपीआयओच वापरा. बसचं हार्डवेअर वेगळं असेल तरच स्वतःचा मास्टर (बस चालवणारा) ड्रायव्हर लिहायची पुढची खटपट.

डब्ल्यू१_बस_मास्टर हे स्ट्रक्चर भरायचं आणि प्रोबमध्ये (हार्डवेअर सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) डब्ल्यू१_अ‍ॅड_मास्टर_डिव्हाइसच्या हवाली करायचं. त्यात राइट_बिट-रीड_बिट किंवा टच_बिट-रीसेट_बस यांपैकी एक जोडी पूर्ण हवी, नाहीतर नोंदणी नाकारली जाते.

पहिल्या जोडीत वेळ कर्नलचा वन-वायर कोअर सांभाळतो. राइट_बिटला १ आला की लाइन फक्त सोडायची; वर ढकललीत तर सेन्सरशी झुंज लागते. वाचताना लाइन ६ मायक्रोसेकंद खाली, मग ९ थांबून नमुना. सेन्सरचा शून्य १५ मायक्रोसेकंदांपर्यंतच खात्रीचा, त्यानंतर वाचलं तर १ दिसू शकतो. म्हणून कोअर तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवतो आणि तुमच्या रीड_बिटला झोपायची मुभा नाही. आयटूसी एक्सपांडरवरची (दुसऱ्या बसवरून जोडलेल्या जादा पिनांच्या चिपवरची) पिन वाचताना झोपावं लागतं, म्हणून ती इथेच बाद होते. टच_बिट स्वतः लिहिलंत तर ही सगळी काळजी तुमची.

रीसेट_बस उलटं वाटतं: सेन्सर सापडला तर ०, नसेल तर १. इथे गल्लत झाली की जोडलेला सेन्सरही यादीत येत नाही.

सेन्सर दोनच तारांवर (वीजही डेटा तारेतूनच) चालवायचा असेल तर सेट_पुलअपही लिहा. ते दोनदा बोलावलं जातं: आधी मिलिसेकंदांतली मुदत घेऊन, ती नुसती साठवायची, मग ० घेऊन, तेव्हा लाइन तेवढा वेळ जोराने वर धरायची. १२ बिटांच्या रूपांतराला (एका तापमान-मोजणीला) ७५० मिलिसेकंद लागतात. वीज कमी पडली की सेन्सर चालू होतानाचा ठरलेला आकडा देतो, ८५ अंश, आणि सीआरसीही (चूक पकडणारा तपास-आकडा) बरोबर येतो! गरम टाकीत ८५ खराही असू शकतो, म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही. स्क्रॅचपॅडमधला (सेन्सरच्या ९ बाइटांच्या स्मृतीतला) ६ क्रमांकाचा बाइट (मोजणी ० पासून) पाहा. खऱ्या ८५ ला तो १६ असतो, फसलेल्या रूपांतराला १२. डब्ल्यू१_थर्म या कर्नलमधल्या सेन्सर-ड्रायव्हरच्या फीचर्स फाइलमध्ये १ लिहिला की हीच तपासणी कर्नल करतो आणि आकड्याऐवजी एरर देतो. जमत असेल तर विजेची तिसरी तार ओढा, हा प्रश्न बहुतेक मिटतो.