छोट्या अंगणातला गुलाबी फ्लोरिबंडा : या चुका टाळा

"आमच्या मातीत गुलाब येतच नाही," हे वाक्य सांगली-मिरजेत मला सतत ऐकायला मिळतं. बदनाम होते माती, पण बहुतेक ठिकाणी रोप गेलेलं असतं ते अतिकाळजीने. त्यातून गुलाबी फ्लोरिबंडा गेला म्हटलं की जास्तच वाईट वाटतं. कारण कमी देखभालीत वर्षभर फुलणारा याच्याइतका गुणी गुलाब नाही. बुटके, झुपक्यांनी फुलणारे पॉलिअँथा गुलाब आणि एका दांड्यावर एकच मोठं फूल देणारे हायब्रिड टी यांच्या संकरातून हा वर्ग आला. डेन्मार्कच्या पौलसेन घराण्याने १९२४ मध्ये आणलेला 'एल्स पौलसेन' गुलाबीच होता. आपल्याकडे गव्हावर काम करणारे डॉ. बी. पी. पाल गुलाबांचेही मोठे पैदासकार होते आणि त्यांचा 'दिल्ली प्रिन्सेस' हाही गुलाबी फ्लोरिबंडाच. एका दांड्यावर फुलांचा अख्खा झुपका, झाड कंबरेइतकं, आणि दोन-अडीच फूट जागा मिळाली की खूश. असं झाड मरतं तेव्हा काहीतरी करायचं राहिलं म्हणून क्वचितच मरतं. बहुतेक वेळा नको ते केलेलं असतं.

पाणी, पाणी आणि पाणी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी तीच घेते.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वरचा थर वाळून भेगा दिसायला लागतात, पण वीतभर खाली माती चिकट ओली असते. गुलाबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हवा मिळाली नाही की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, आणि झाड तहानलेलं असावं तसं मलूल दिसतं. मग माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वहिनींनी मला रोप बघायला बोलावलं होतं. पानं पिवळी, शेंडे लोंबलेले. "रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता बादलीभर घालते हो, तरी असं का?" मी खुरप्याने बुंध्याजवळची माती बाजूला केली तर खाली चिखल, आणि त्याला आंबूस वास. रोप उपसलं. नर्सरीतून आणताना मुळांभोवती असलेला चिकणमातीचा गोळा होता तसाच, विटेसारखा घट्ट. पांढरं मूळ एकही बाहेर आलेलं नव्हतं. आतली होती ती काळी पडून सालीसकट हातात सुटून येत होती. त्यातच पाणी बोअरचं. कुंड्यांच्या कडांना पांढरा थर चढलेला.

या एका रोपात तीन चुका एकत्र होत्या, आणि तिन्ही मला गावभर दिसतात. तो गोळा तसाच लावायचा नसतो. पिशवी कापून रोप बादलीत पाण्यात ठेवा आणि माती मऊ झाली की बोटांनी हलकेच सैल करा. दोन-चार बारीक मुळं तुटली तर तुटू द्या. काळ्या जमिनीत खड्डा खणून रोप 'खाली' लावायचं नाही, तो खड्डा पावसाळ्यात डबकं होतो. वीतभर उंच वाफा करा, त्यात अर्धी तांबडी माती, थोडी जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. आणि पाणी घालण्याआधी दोन पेरं बोट मातीत खुपसा. बोटाला ओल लागली तर झारी परत जागेवर ठेवा. ओलावा मोजायच्या मीटरवर पैसे घालवायची काही गरज नाही.

बोअरच्या पाण्याचं वेगळं सांगायला हवं. कृष्णाकाठची ऊस पिकवून क्षारपड झालेली शेतं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कुंडीत तेच छोट्या प्रमाणावर होतं. पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अधूनमधून नळाचं गोडं पाणी भरपूर घालून ते कुंडीखालच्या भोकातून वाहू द्या, क्षार धुऊन जातात. पहिल्या चांगल्या पावसात कुंड्या वळचणीखाली लपवू नका, उघड्यावर ठेवा. कुंडीखालची ताटली मात्र काढूनच टाका.

खुंटाचे लाड

कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं. खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर आपल्याला हव्या असलेल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरलेला. तो जिथे बसवलेला असतो तिथे गाठ दिसते. खुंट दणकट असतो आणि संधी मिळाली की स्वतःच वर येतो.

माझ्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला, "ताई, या आणि बघा, झाड कसं उसळलंय!" जाऊन पाहिलं तर गुलाबीचं झाड गुडघ्याइतकं, खुरटलेलं, आणि शेजारून डोक्याच्या वर गेलेला एक सरळसोट फोक. फिकट हिरवी पानं, काटेच काटे, कळी एकही नाही. काकांनी त्याला बांबूचा आधार दिला होता, खतही घातलं होतं. बुंध्याची माती उकरून दाखवली, तेव्हा तो फोक डोळ्याच्या गाठीखालून निघालेला दिसला. फोक काढायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पण तोवर वरचं गुलाबी झाड उपाशीच राहिलं होतं. त्याच्या दोन फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत खाली आल्या होत्या. पुढचा पावसाळा त्याने काढला नाही.

ओळखायचं कसं? सात पानांची डहाळी म्हणजे जंगली, असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका, फ्लोरिबंडालाही कितीतरी वेळा सात पानं येतात. फुटवा कुठून निघाला ते बघा. गाठीच्या वरून असेल तर आपला, खालून असेल तर खुंटाचा. खुंटाचा फुटवा कात्रीने कापला तर राहिलेल्या बुडख्यातून आणखी दोन-तीन येतात. माती बाजूला करून, तो जिथून निघालाय तिथून खाली ओढून मुळासकट उपटायचा. कोवळा असतानाच हे सोपं जातं. म्हणून पाणी घालताना बुंध्याकडे नजर टाकायची सवय लावा. लागवड करतानाही डोळ्याची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा. गाडली गेली तर काय कुठून फुटलंय ते कळतच नाही.

बाकीच्या चुका, भराभर

ताजं शेण घालू नका. उसाच्या शेतात हुमणीने काय केलं ते माहीत असूनही लोक ओलं शेण कुंडीत आणून टाकतात. न कुजलेल्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि गुलाबाची मुळंही खातात.

शेतातून उरलेला युरिया मुठीने टाकणं बंद करा. कोवळी, लुसलुशीत पालवी येते, तिच्यावर रस शोषणारा मावा बसतो.

व्हिडिओ बघून चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं! टरफलं म्हणजे चुना, आणि आपल्या काळ्या मातीत तो मुळातच जास्त असतो. आठ दिवसांत फुलं हवीत म्हणून हे सगळं चालतं. आठ दिवसांत फुलं हवी असतील तर ती फुलवाल्याकडे मिळतात. झाड लावलंय तर त्याला एक हंगाम तरी द्या.

निदान सहा तास ऊन नसेल तर गुलाबाऐवजी दुसरं काही लावा.

पानांवर संध्याकाळी पाणी मारू नका. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सात-एक तास ओलं लागतं, आणि रात्र तेवढी असतेच. पाणी सकाळी द्या आणि बुंध्याशीच द्या. गळलेली ठिपक्यांची पानं उचलून कचऱ्यात टाका, वाफ्यात कुजवू नका. थंडीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली तर तासगावकडचे द्राक्षवाले वापरतात तेच पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला दोन ग्रॅम. पण रणरणत्या उन्हात मारलं तर पानं भाजतील.

मार्च ते मे पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड होते. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे ठिपके दिसले की समजा. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा जातो. याच दिवसांत बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. त्याच्याइतकं फुकटचं आणि चांगलं आच्छादन आपल्या भागात दुसरं नाही.

देवासाठी फूल खुडताना नुसतं फूल तोडलं जातं आणि वाळका दांडा झाडावरच राहतो. झुपका उतरला की अख्खा झुपका त्याच्या खालच्या पहिल्या सशक्त पानावर कापा. पुढचा फुटवा तिथूनच येतो.

इथून रोपं घेऊन रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्यांना एक सांगणं. तिथल्या जांभ्या मातीत पाणी साचायची भीती कमी, पण वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वाऱ्यात मीठ. आपल्याकडे क्षार खालून येतात, तिथे समुद्राकडून. झाड भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला लावा, पण ऊन अडू देऊ नका. खारा वारा जोरात वाहून गेला की पानं सकाळी गोड्या पाण्याने धुवा. गच्च झाड ठेवू नका, मधल्या फांद्या काढून हवा खेळती करा, नाहीतर काळे ठिपके पावसाळाभर सोडणार नाहीत.

छाटणीची घाई

पाऊस पुरता थांबायच्या आत छाटणी करणारे दरवर्षी भेटतात. ओल्या हवेत कापलेल्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली मरत येतात. द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात होते, तीच वेळ गुलाबाची. दुसरी चूक म्हणजे हायब्रिड टीसारखं झाड बुडख्यापर्यंत उतरवणं. फ्लोरिबंडाचा वरचा एक तृतीयांश भाग काढला की पुरे. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा, मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप घ्या. कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांड्यात अजिबात नको.

त्यानंतर फुलं यायला सहा-सात आठवडे लागतात. लोक तिसऱ्या आठवड्यातच खत वाढवायला घेतात. छाटणीच्या वेळी घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड दिली असेल तर मध्ये काहीही घालायचं नाही. झुपका दिसायला लागला की त्यात मधली कळी सगळ्यात मोठी असते आणि ती आधी उमलून आधी सुकते. मी ती वाटाण्याएवढी असतानाच नखाने खुडते, म्हणजे बाकीच्या कळ्या एकदम फुलतात.