एलएच२ वेगळं काढताना या चुका टाळा

प्रकाशावर जगणाऱ्या जांभळ्या जीवाणूंमधून एलएच२ हे प्रकाश गोळा करणारं संकुल वेगळं काढायला बसलेला नवखा विद्यार्थी बहुधा एकाच समजुतीपायी फसतो. प्रथिन म्हणजे भिंत आणि रंगद्रव्य म्हणजे वरचा चुना. चुना गेला तरी भिंत उभी राहील. इथे चुनाच भिंत धरून असतो.

१९९५ साली ग्लासगोच्या संशोधकांनी रोडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला या जांभळ्या जीवाणूच्या एलएच२ची रचना प्रसिद्ध केली. अल्फा आणि बीटा या चिमुकल्या प्रथिनांच्या नऊ जोड्यांचं कडं, आणि त्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल या जीवाणूंच्या हरितद्रव्याचे २७ रेणू. पेशीच्या पटलाच्या आत या प्रथिनांची सर्पिलं (मळसूत्रासारखे भाग) एकमेकांना जवळपास शिवतही नाहीत. मधली फट रंगद्रव्यांनी भरलेली असते. १८ रेणूंचा मॅग्नेशियम प्रथिनातल्या हिस्टिडीन या एकेका अमिनो आम्लाने धरलेला, आणि कॅरोटिनॉइड हे दुसरं रंगद्रव्य एका जोडीतून शेजारच्या जोडीपर्यंत पोचून दोघींना टाचतं. तेव्हा ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूमध्ये नुसती प्रथिनं बनवून कडं मिळेल, ही आशा सोडा. तो जीवाणू बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवतच नाही.

दुसरी चूक स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख, वाचण्यातली. ८०० आणि ८५० नॅनोमीटरच्या शिखरांमागे दोन वेगळी रंगद्रव्यं नसतात. रेणू तोच बॅक्टेरिओक्लोरोफिलचा, जागा वेगळी: हिस्टिडीनने धरलेले १८ रेणू ८५०ला, उरलेले नऊ ८००ला. मिथेनॉलमध्ये काढलात तर सगळे ७७०च्या आसपास येतात. म्हणून ८५० उतरून ७७०-७८०ला खांदा उगवला, तर ‘रंग थोडा फिका झाला’ म्हणून पुढे जाऊ नका, कडं सुटतंय. बहुतेक वेळा संकुल पटलातून सोडवायला घातलेला डिटर्जंट कडक किंवा जास्त झालेला असतो. फक्त ८०० खाली आलं असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. ते नऊ रेणू काढून पुन्हा बसवताही येतात, तोवर कडं टिकून राहतं.

बफरचा पीएच मात्र नीट तपासा. आम्लात मॅग्नेशियम निघून जातो, आणि मग हिस्टिडीनने धरायचं काय? सुटं बॅक्टेरिओक्लोरोफिल उजेडात आणि हवेत लवकर खराब होतं. क्युवेट (नमुन्याची मोजणीची कुपी) बाकावर ठेवून चहाला जाणारे हे हमखास विसरतात.

कॅरोटिनॉइडबद्दल सरसकट नियम सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडीसच्या आर-२६ या कॅरोटिनॉइडविरहित वाणात एलएच१ हे प्रकाश गोळा करणारं दुसरं संकुल बनतं, एलएच२ बनत नाही. पण ॲलोक्रोमॅटियम व्हिनोसम या दुसऱ्या जांभळ्या जीवाणूची वाढ कॅरोटिनॉइड बनणं रोखणारं डायफेनिलअमाइन घालून केली, तर कॅरोटिनॉइड अगदी नगण्य उरूनही एलएच२ तयार होतं. त्यामुळे एका जीवाणूवरची पद्धत दुसऱ्यावर चालवण्याआधी त्या जीवाणूचा, प्रक्रिया न केलेल्या पटलाचा स्पेक्ट्रम काढून ठेवा. पुढे शिखर हललं तर तुलना त्याच्याशीच करायची आहे.