पृथ्वी आणि महासागरांच्या द्रायुगतिकीत संशोधनाची वाट कशी आखावी

महासागरातील प्रवाह, वातावरणातील आवर्ते, उतारावरून वाहणारा लाव्हा, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकणारे प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा खडकाचा जाड थर, आणि त्याच्याही खाली बाह्य गाभ्यात घुसळले जाणारे वितळलेले लोखंड, या साऱ्यांचा अभ्यास द्रायुगतिकी, म्हणजे द्रव आणि वायूंच्या गतीचे शास्त्र, हे एकच शास्त्र करते. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सुमारे ०.००१ पास्कल-सेकंद आहे, तर प्रावरणाची श्यानता साधारण १ वर २१ शून्ये इतके पास्कल-सेकंद आहे. तरीही दोन्हींच्या गतीचे वर्णन मुळात त्याच नेव्हिए-स्टोक्स समीकरणांनी होते. फरक पडतो तो कोणत्या ठिकाणी समीकरणातले कोणते पद वरचढ ठरते आणि कोणते निर्धास्तपणे सोडून देता येते, यात. माझ्या मते या क्षेत्रातील संशोधकाचे खरे कौशल्य हेच आहे आणि ते पदवीच्या वर्षांपासून जाणीवपूर्वक कमवावे लागते. पुढील सर्व सूचना त्या कौशल्याभोवतीच आखलेल्या आहेत.

पायाभरणी

पदवी भौतिकशास्त्राची, गणिताची किंवा अभियांत्रिकीची असली तरी चालते. ‘महासागरशास्त्र’ हे नाव पदवीवर असलेच पाहिजे असे नाही. समुद्राची माहिती पुढे वाचून आणि समुद्रावर जाऊन मिळवता येते, पण सदिश कलन, आंशिक अवकल समीकरणे, फूरिए विश्लेषण आणि उष्मागतिकी यांचा कच्चेपणा पीएच.डी.च्या धावपळीत भरून काढणे फार जड जाते. संगणकाच्या भाषांपैकी पायथन उत्तम यावी. फोरट्रान निदान वाचता यावी, कारण हवामान आणि महासागराची अनेक मोठी मॉडेल्स आजही त्या भाषेत लिहिलेली आहेत.

याच काळात एक सवय लावून घ्यावी. कोणताही प्रवाह समोर आला की आधी त्याचा वेग, लांबी आणि कालावधी यांचे ढोबळ आकडे मांडावेत आणि त्यांच्यापासून मितिहीन, म्हणजे एकक नसलेल्या, संख्या काढाव्यात. उदाहरणार्थ, रॉस्बी संख्या म्हणजे प्रवाहाच्या वेगाला त्याची लांबी आणि कोरिऑलिस गुणक यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. कोरिऑलिस गुणक म्हणजे पृथ्वीच्या कोनीय वेगाची दुप्पट गुणिले अक्षांशाचा साईन. ४५ अंश अक्षांशावर तो सेकंदाला सुमारे ०.०००१ भरतो. महासागरात सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाचा आणि १०० किलोमीटर विस्ताराचा भोवरा घेतला, तर रॉस्बी संख्या ०.०१ येते, म्हणजे तेथे पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम प्रवाहाच्या जडत्वापेक्षा शंभरपट मोठा आहे. तोच वेग अर्ध्या मीटरच्या टबातील पाण्याला असला तर ही संख्या दोन हजारांच्या घरात जाते आणि परिवलनाचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. टबातले पाणी कोणत्या दिशेने फिरत निचरते हे आपण कोणत्या गोलार्धात आहोत यावरून ठरत नाही, ते याच कारणाने. दोन ओळींच्या आकडेमोडीतून असा ठाम निष्कर्ष काढता येणे, यातच या विषयाची मोठी ताकद आहे.

पदे सोडून देण्याचे धाडस कसे फळते हे स्वीडिश महासागरशास्त्रज्ञ एकमनच्या कामातून शिकण्यासारखे आहे. १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजावरून आर्क्टिकच्या बर्फातून प्रवास करताना नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेनच्या लक्षात आले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी वळून सरकतो. हा प्रश्न नॉर्वेचा हवामानशास्त्रज्ञ बियर्कनेस याच्यामार्फत तरुण एकमनकडे आला. त्याने दाबातील फरक, किनारे, घनतेचे थर हे सारे बाजूला ठेवले आणि केवळ कोरिऑलिस बल (पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रवाहाला बाजूला वळवणारे बल) व घर्षण यांचा समतोल मांडला. १९०५ च्या त्याच्या शोधनिबंधातून वाऱ्यामुळे चालणाऱ्या प्रवाहांच्या सिद्धांताचा पाया घातला गेला. नवख्या संशोधकाने हे गणित स्वतःच्या हाताने सोडवावे. पृष्ठभागावर ४५ अंशांचे वळण कोठून येते आणि खोलीबरोबर प्रवाहाची दिशा वळत वळत कशी क्षीण होते, हे वाचून जेवढे कळते त्यापेक्षा सोडवून कितीतरी अधिक कळते.

हाताने करायचे दोन प्रयोग आणि एक गणन

मोठी मॉडेल्स सहज हाताशी आल्यामुळे प्रयोगशाळेकडे पाठ फिरवण्याची प्रवृत्ती वाढते आहे, आणि मला ती हानिकारक वाटते. पुढील प्रयोगांना फारशी साधने लागत नाहीत.

पहिला प्रयोग फिरत्या टाकीचा. मिनिटाला १० फेरे घेणाऱ्या सपाट तबकडीवर सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक टाकी मध्यभागी ठेवावी आणि तिच्यात १० सेंटिमीटर पाणी भरावे. तबकडी सुरू केल्यावर टाकी लगेच फिरू लागते, पण पाण्याला तिच्याबरोबर फिरू लागण्यास वेळ लागतो. पाण्याची खोली भागिले शुद्धगतिक श्यानता (म्हणजे श्यानता भागिले घनता, पाण्यासाठी सेकंदाला एक चौरस मिलिमीटर) आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, असा या काळाचा अंदाज आहे, आणि येथे तो सुमारे १०० सेकंद येतो. त्याच्या कित्येक पट, म्हणजे १० ते १५ मिनिटे थांबावे आणि तबकडी समपातळीत आहे याची खात्री आधीच करून घ्यावी. पाणी स्थिरावल्यावर कडेची पातळी मध्यापेक्षा सुमारे २ मिलिमीटर वर चढलेली असते. आता हाताने पाणी हलकेच ढवळून रंगाचे काही थेंब सोडावेत. न फिरणाऱ्या टाकीत रंग ढगासारखा चहूकडे फुगतो. येथे मात्र तो पृष्ठभागापासून तळापर्यंत उभ्या पातळ पडद्यांच्या रूपात ताणला जातो, कारण वेगवान परिवलनाखाली संथ प्रवाह खोलीनुसार बदलू शकत नाही. जी. आय. टेलर यांनी १९२३ साली अशाच प्रयोगात, तळावर ठेवलेल्या अडथळ्याच्या डोक्यावर पाण्याचा अख्खा स्तंभ त्याच्याबरोबर सरकतो, हे दाखवले होते. सेकंदाला एक सेंटिमीटर वेग आणि १० सेंटिमीटर लांबी धरली तर या टाकीतील रॉस्बी संख्या ०.०५ च्या आसपास येते, आणि म्हणूनच हातभर टाकी महासागराबद्दल काही खरे सांगू शकते.

दुसरा प्रयोग दाट सिरप किंवा सिलिकोन तेल घेऊन करावा. काचेच्या समतल पाटीवर ठरावीक आकारमानाचा द्रव मध्यभागी एकदम ओतावा, वरून छायाचित्रे घेत राहावी आणि गोलाची त्रिज्या वेळेनुसार मोजावी. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन आलेख काढला की बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि तिचा चढ एक अष्टमांश असतो. याचा अर्थ त्रिज्या दुप्पट व्हायला २५६ पट वेळ लागतो. सुरुवातीला झपाट्याने पसरणारा द्रव पाहता पाहता जणू थांबतो, तो यामुळेच. द्रव एकदम न ओतता एकसारख्या धारेने सोडत राहिले, तर चढ एक अष्टमांश न राहता अर्धा होतो. हर्बर्ट हपर्ट यांनी १९८२ साली हे नियम सिद्धांताने आणि प्रयोगाने मांडले, आणि १९७९ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरील सूफ्रिएर ज्वालामुखीच्या विवरात पसरलेल्या लाव्ह्याच्या घुमटाला ते लावून त्या लाव्ह्याची श्यानता अंदाजली गेली. प्रयोगाच्या अगदी सुरुवातीची मापे आणि थर फार पातळ झाल्यावरची मापे या रेषेवर बसत नाहीत: सुरुवातीला ओतण्याचा परिणाम शिल्लक असतो आणि शेवटी पृष्ठताण मध्ये येतो. ही मापे पुसून टाकू नयेत. नियम कोठून कोठपर्यंत लागू आहे हे तीच सांगतात.

गणनासाठी अमेरिकी महासागरशास्त्रज्ञ स्टॉमेल यांचा १९४८ चा प्रश्न घ्यावा. आयताकृती, सपाट तळाचा महासागर, वर ठरावीक पद्धतीने वाहणारा वारा आणि वेगाच्या प्रमाणात तळाशी घर्षण, एवढेच त्यात आहे. हे समीकरण संगणकावर तीनदा सोडवावे: परिवलन नसताना, कोरिऑलिस गुणक सगळीकडे सारखा असताना, आणि तो उत्तरेकडे एकसारखा वाढत असताना. पहिल्या दोन वेळी चक्राकार प्रवाह पूर्व-पश्चिम सममित येतो. तिसऱ्या वेळी मात्र तो पश्चिम किनाऱ्याशी दाटून अरुंद आणि वेगवान होतो. गल्फ स्ट्रीम आणि कुरोशिओ हे प्रवाह आपापल्या महासागराच्या पश्चिम कडेलाच का आहेत, याचे उत्तर एका पदाच्या बदलातून मिळते. त्या अरुंद पट्ट्याची रुंदी घर्षणगुणक भागिले कोरिऑलिस गुणकाच्या वाढीचा दर इतकी असते; नेहमीच्या आकड्यांनी ती ५० किलोमीटरच्या आसपास येते. जाळीतील बिंदूंचे अंतर त्याहून बरेच लहान ठेवले नाही तर उत्तर फसवे येते, हा धडाही येथेच मिळतो.

प्रश्न कसा निवडावा

चांगला प्रश्न बहुधा दोन भरवशाच्या आकड्यांमधील विसंगतीत सापडतो. वॉल्टर मंक यांनी १९६६ मध्ये खोल समुद्रातील तापमान आणि क्षारतेच्या मांडणीवरून असा हिशेब केला की उभ्या दिशेने मिसळण्याचा गुणांक सरासरी ०.०००१ चौरस मीटर प्रति सेकंद असला पाहिजे. पुढे १९९२ साली उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड हा निष्क्रिय वायू मिसळून तो किती पसरतो हे महिनोन्‌महिने मोजले गेले, तेव्हा उत्तर ०.००००१ च्या आसपास आले. दहापटीचा हा फरक कोणाची चूक म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. मग खोल समुद्रातील मिसळण कोठे होते, या शोधातून १९९७ पर्यंत ब्राझील खोऱ्यात दिसून आले की सपाट तळावर ती क्षीण असते आणि मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर कितीतरी पटींनी जोरदार असते. भरती-ओहोटी, तळाचा खडबडीतपणा आणि अंतर्गत लाटा यांवरील आजचे बरेच संशोधन त्या विसंगतीतून वाढले आहे. तेव्हा वाचन करताना, दोन वेगळ्या मार्गांनी काढलेली एकाच राशीची मूल्ये जुळत नाहीत असे दिसले, की वहीत नोंदून ठेवावे.

निरीक्षणांची वाण नाही. आर्गो प्रकल्पाचे जवळपास ४,००० तरंगते मापक १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि त्यांची मापे कोणालाही विनामूल्य मिळतात. १९९२ पासून उपग्रह समुद्राची उंची सलग मोजत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या स्वॉट उपग्रहाने पूर्वी न दिसणारे लहान भोवरेही टिपायला सुरुवात केली आहे.

मार्गदर्शक, पीएच.डी. आणि त्यापुढे

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी आज स्वतंत्र प्रश्न हाताळत आहेत का, हे पाहावे आणि शक्य असेल तर त्यांच्याशीच बोलावे. सिद्धांत, प्रयोग, गणन आणि निरीक्षण यांपैकी एकात पूर्ण पारंगत व्हावे व दुसऱ्या एकात कामापुरते. सिद्धांताकडे कल असणाऱ्यानेही निदान एकदा संशोधन जहाजावर जावे. हजारो मीटर केबल सोडून आणलेल्या एका मापामागे किती श्रम आणि किती अनिश्चितता असते हे कळल्यावर आलेखातील त्रुटिपट्टीकडे तो वेगळ्या गांभीर्याने पाहतो. अमेरिकेतील वुड्स होल या महासागर संशोधन केंद्रात १९५९ पासून दर उन्हाळ्यात भूभौतिक द्रायुगतिकीचा दहा आठवड्यांचा कार्यक्रम चालतो, पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांत तेथे अर्ज करावा, कारण आधी व्याख्याने आणि मग एका नव्या प्रश्नावर स्वतंत्र काम ही त्याची रचना स्वतंत्र संशोधनाची उत्तम तयारी करून घेते.

शोधनिबंध लिहिताना कोणती पदे सोडली, का सोडली आणि त्यामुळे उत्तर किती टक्क्यांनी बदलू शकते, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे. समीक्षकाचा पहिला आक्षेप बहुधा तोच असतो. प्रोग्राम आणि कच्ची मापे निबंधासोबतच खुली करावीत.

पीएच.डी.नंतरच्या दोन-चार वर्षांत आधीच्याच प्रश्नाचे तुकडे पाडत न बसता, तेच गणित शेजारच्या क्षेत्रात नेऊन पाहावे. सिरपचे गणित लाव्ह्याला लागू पडते आणि हिमनदीच्या हिमस्तरालाही, मात्र बर्फाची श्यानता ताणानुसार बदलते याचा हिशेब नव्याने करावा लागतो. क्षार आणि उष्णता वेगवेगळ्या गतीने विसरित झाल्याने समुद्रात जी ‘क्षारबोटे’, म्हणजे खारट पाण्याच्या बोटांसारख्या उभ्या अरुंद धारा, तयार होतात, त्यांचा विचार मेल्व्हिन स्टर्न यांनी १९६० मध्ये मांडला. थंड होणाऱ्या मॅग्माच्या कोठीतील थर समजून घ्यायला पुढे त्याच प्रकारचे सिद्धांत कामी आले. कायम पदासाठी अर्ज करताना संशोधन आराखड्यात अशी दोन क्षेत्रे, त्यांना जोडणारे समीकरण आणि पहिल्या वर्षी करायचा एक नेमका प्रयोग, एवढे तीन परिच्छेदांत मांडावे, आणि त्या प्रयोगाची अपेक्षित उत्तरे ढोबळ आकड्यांनिशी आधीच लिहून ठेवावीत.