जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर अडखळतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

पुण्यात सिंहगड रोडच्या गर्दीत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करताना गिअर दरवेळी खाचेत अडकत असेल, ढकलल्याशिवाय पडत नसेल, तर हौसेनं सांभाळलेली गाडी चालवण्यातली निम्मी मजा तिथंच संपते. गॅरेजला नेली की बऱ्याचदा उत्तर ठरलेलं असतं: गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझ्या मते हा उपाय सगळ्यात शेवटचा. जुन्या गाडीचा गिअर कडक होण्याची बरीचशी कारणं गिअरबॉक्सच्या बाहेरच असतात. ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये साध्या पान्यांनी शोधता येतात, फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा. सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा पडला नाही तर जोर लावू नका. आतले दात समोरासमोर आलेले असतात, हँडब्रेक सोडून गाडी जराशी हलवा आणि पुन्हा टाका. आता इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून तेच करा. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर. दोन्ही वेळा कडक, तर लिव्हर किंवा त्याची जोडणी. फक्त थंडीत, सकाळच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर अडतो आणि मग सुटतो, तर ऑइल. आणि चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर खर्रकन आवाज करतो, बाकीचे नीट, तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना आतल्या भागांचा वेग जुळवणारी कडी, झिजली आहे.

क्लचची खात्री करायला आणखी एक चाचणी आहे. मागेपुढे मोकळी जागा बघा. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही दात घासले, तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन आतला शाफ्ट फिरवतच राहतं, आणि बिचारी सिंक्रो रिंग त्याच्याशी भांडत बसते. पेडल दोनदा पटापट दाबल्यावर गिअर सहज पडत असेल, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलंय.

मग क्लचच्या फ्लुइडची बाटली बघा. फ्लुइड काळं किंवा गढूळ असेल तर बदलायचंच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गाडी फारशी चालली नसली तरी दर दोन वर्षांनी बदलणं बरं. गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचं (फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) रबरी टोपण जरा मागे सारा; आत ओल दिसली तर सील गळतंय. नुसत्या जॅकवर मात्र कधीही गाडीखाली शिरू नका, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा आणि गाडी हलवून खात्री करा.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्ह सिलिंडरवरचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सोडून फ्लुइड नळीतून बाटलीत घ्यायचं, निपल घट्ट करायचा, आणि मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, रंग सोलवटतो. गाडीला केबलचा क्लच असेल तर हे सगळं टळतं. मॅन्युअलमध्ये दिलेला फ्री प्ले, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा मोकळा प्रवास, मोजून केबल अ‍ॅडजस्ट करा.

क्लच नीट निघाला, की लिव्हरकडे वळा. मला सर्वात समाधान देणारं काम हे आहे, कारण खर्च थोडा आणि फरक पहिल्याच गिअरला हाताला कळतो. माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ ते २००५ च्या गाड्या, उदाहरण म्हणून घेऊ. त्यांच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये लिव्हर थेट बॉक्सच्या डोक्यावर बसतो. त्याच्या खालच्या टोकाच्या गोळ्यावर नायलॉनचा छोटा बुश, म्हणजे टोपीसारखं अस्तर, असतो, आणि लिव्हर बसतो त्या खोबणीत स्वतंत्र ऑइल असतं, साधारण ८० ते ९५ मिली. वरचं रबरी बूट फाटलं की धूळ आत जाते, ऑइल आटतं, बुश झिजतो. मग लिव्हर एकाच वेळी ढिलाही लागतो आणि अडतोही.

गाडी न्यूट्रलला ठेवा. नॉब फिरवून काढा, कन्सोल उचला, रबरी बुटांभोवतीची धूळ ब्रशनं आणि कापडानं पूर्ण साफ करा. ही सफाई घाईत उरकू नका. नंतर जे पडेल ते सरळ गिअरबॉक्समध्ये पडेल. बोल्ट सोडून लिव्हर सरळ वर उचला आणि भोकावर लगेच स्वच्छ, धागे न सुटणारं कापड ठेवा. जुनं ऑइल सिरिंजनं ओढून घ्या. गोळा बोटांत फिरवून पाहा: बुश एका बाजूनं चपटा झाला असेल, तडकला असेल किंवा लिव्हरवर लटपटत असेल तर तो बदलायचा. नवं ऑइल, नवा बुश, नवी बुटं, आणि आलात तसेच परत.

अशा गाड्यांचे पार्ट इथं सहज मिळत नाहीत. आधी नाना पेठेत नमुना घेऊन फिरा, दुसऱ्या गाडीचा बुश मापात बसतो का बघा. नाही मिळाला तर भोसरीच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत. नायलॉनच्या रॉडमधून एक बुश काढणं त्यांच्यासाठी मोठं काम नाही. जुना बुश सोबत न्या, पण माप झिजलेल्या बाजूचं देऊ नका. न झिजलेला भाग आणि लिव्हरचा गोळा, दोन्ही व्हर्नियरनं मोजून द्या.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत लिव्हरपासून बॉक्सपर्यंत रॉड किंवा केबल जाते. तिथं सांध्यांचे प्लॅस्टिक कप, केबलची टोकं आणि इंजिनचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासा. माउंटिंग फाटलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच इंजिन हलतं आणि लिव्हर खेचला जातो.

आता गिअर ऑइल. थोडी गाडी फिरवून ऑइल कोमट करा. सगळ्यात आधी भरायचा बोल्ट सोडून बघा, ड्रेनचा नंतर. भरायचाच बोल्ट जाम निघाला आणि ऑइल आधीच काढलेलं असेल, तर गाडी जागेवरून हलणार नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल असणं ठीक. धातूचे तुकडे असतील तर बॉक्स उघडण्याला पर्याय नाही. नवं ऑइल मॅन्युअल सांगेल त्याच ग्रेडचं घ्या, बऱ्याच जुन्या बॉक्सना ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ लागतं. दुकानदार जीएल-५ पुढे करेल, 'वरचा ग्रेड आहे' म्हणेल. घेऊ नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवतीलच असं नाही, आणि रिंगला जी पकड हवी असते ती निसरड्या ऑइलमध्ये मिळत नाही. गाडी समपातळीत ठेवून, भरायच्या भोकाच्या काठाशी ऑइल येईपर्यंत भरा. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, गटारात ओतलं तर ते मुठेतच जातं.

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी अंतरात गिअर टाकणारा लिव्हर, बसवायचा मोह या टप्प्यावर होतो. आत्ता नको. लिव्हरचा प्रवास कमी झाला की तेवढाच जोर जास्त लागतो, म्हणजे आधीचा अडथळा आणखी टोचतो.

एवढं करूनही एखादा गिअर घासत असेल, तर डबल क्लच करून पाहा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. असा तो गपचूप पडला तर सिंक्रो रिंगच गेली आहे, आणि बॉक्स उतरवण्याचा खर्च आता रास्त आहे. त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील डोळ्यांनी पाहून घ्या. यातलं काही झिजलेलं असेल तर तेव्हाच बदला, कारण बॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही.