शाळेचा खो-खो संघ कसा निवडावा आणि हंगामाचा अंदाज कसा बांधावा

पावसाळ्यात तालुक्याचे सामने तोंडावर आले की शाळाशाळांतून निवड चाचण्या सुरू होतात. त्याबरोबर जुना सल्लाही पुन्हा ऐकू येतो: मुलांना शंभर मीटर पळवा आणि पहिले १२ घ्या. हा सल्ला मानू नका. खो-खोत दोन खांबांमधलं अंतर पंचवीस मीटरच्याही आत असतं आणि तेवढंसुद्धा सरळ पळायची वेळ फारशी येत नाही. इथे चार पावलांत थांबणं, वळणं आणि बसलेल्या दोघांमधून निसटणं लागतं. शर्यतीत पहिला आलेला मुलगा पहिल्याच वळणावर बाद होताना मी दरवर्षी पाहतो.

वयाचे दाखले, नोंदणी, मैदानाची आखणी ही कामं झालेली आहेत असं धरून पुढे लिहितो.

आक्रमणाची निवड सोपी आहे. आठ मुलांना पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या ओळीत, बसवा आणि बसलेल्यांकडे बघा. टाचा उचललेल्या, हात जमिनीला, नजर पळणाऱ्यावर असा जो बसतो तो घ्या. खो मिळण्याआधीच जो उठतो, किंवा पाठीला हात लावून मग ‘खो’ म्हणतो, त्याला आठवडाभर नुसता खो देण्या-घेण्याचा सराव द्या; तरीही सवय गेली नाही तर वगळा. एका फाउलमुळे आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि हातात आलेला गडी सुटतो. खांबालगतच्या दोन्ही जागांवर तुमचे सगळ्यात चपळ आक्रमक बसवा.

सूर मारण्याबद्दल एक सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. हे सामने मुलांनी मोबाइलवर पाहिले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता चाचणीला आलेला प्रत्येक जण आधी सूर मारून दाखवतो. चौदा वर्षांखालच्या गटात उभ्याने गडी टिपणाऱ्याला पहिली पसंती द्या. सूर चुकला की आक्रमक आडवा होतो, उठून खो देईपर्यंत पळणारा पलीकडे पोचलेला असतो.

आता खरी अडचण. संरक्षक निवडणं आणि त्यांच्या तीन-तीनच्या तुकड्या लावणं. या टप्प्यावर मीही कित्येक हंगाम अडखळत होतो, आणि अजूनही सगळ्यात जास्त वेळ इथेच देतो.

बहुतेक जण काय करतात? प्रत्येकाची सगळ्यात चांगली वेळ लिहितात, उतरत्या क्रमाने मांडतात आणि वरचे तीन पहिल्या तुकडीत, मधले दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या तुकडीत टाकतात. यात दोन गोष्टी चुकतात. सर्वोत्तम वेळेवर विश्वास ठेवता येत नाही. कोणी अडीच मिनिटं टिकला असेल, पण त्या वेळी समोरच्यांनी तीन फाउल केले असतील. म्हणून आक्रमक तेच ठेवा, निदान पाच पाळ्या खेळवा आणि सरासरी काढा. वहीत दोन वेळा लिहा: तुकडीतला पहिला गडी कधी बाद झाला आणि शेवटचा कधी. सामना बरोबरीत सुटून लघुत्तम आक्रमणावर, म्हणजे पहिला गडी कोण कमी वेळात टिपतं यावर, गेला तर पहिल्या गड्याची वेळच निकाल ठरवते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मैदानात एका वेळी तिघं असतात आणि पाठलाग होतो एकाचा. आपण सगळे त्या एकाकडेच बघत राहतो. तुम्ही इतर दोघांकडे बघा. एखादा मुलगा पाटीपासून दोन हातांवर उभा राहून मित्राचा पाठलाग बघत असतो. अचानक त्याच्याच बाजूला तोंड करून बसलेल्याला खो मिळतो आणि पहिल्या झेपेतच हा बाद. शालेय सामन्यांत जाणारे कितीतरी गडी असे जातात. ज्याच्या मागे कोणी नसताना जो सारखी जागा बदलतो, पुढचा खो कुणाला मिळेल याचा अंदाज घेत मोकळ्या बाजूला सरकतो, तो मुलगा हवा. तो शर्यतीत सातवा आला असेल तरी हवा. चाचणीत एका सहकाऱ्याला घड्याळ द्या आणि तुम्ही फक्त हेच पाहा.

मग जोड्या जमवा. एकाच तुकडीत तिघंही गोल खेळणारे, म्हणजे बसलेल्यांभोवती चकरा मारणारे, घेऊ नका, ते एकमेकांच्या वाटेत येतात. एक गोल खेळणारा, एक साखळी करत दोघांमधून निघणारा आणि तिसरा या दोघांना जागा देणारा शांत डोक्याचा, अशी तुकडी टिकते.

तुकड्यांच्या क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: तिसरी तुकडी उरल्यासुरल्यांची नको. सर्वोत्तम संरक्षक पहिल्या तुकडीत, दुसऱ्या क्रमांकाचा तिसऱ्या तुकडीत आणि कच्ची मुलं दुसऱ्या तुकडीत. पहिली तुकडी टिकली की आक्रमकांना धाप लागलेली असते, त्यामुळे दुसरी तुकडी थोडी कमी पडली तरी निभावतं. तिसरी मात्र झटकन बाद झाली तर नऊ गडी संपतात आणि पहिल्याच तिघांना त्याच पाळीत पुन्हा उतरावं लागतं, तेही धाप पुरती निवण्याआधी. तिथून डाव कोसळायला वेळ लागत नाही.

हंगामाचा अंदाज याच वहीतून निघतो. पाळी ९ मिनिटांची धरा. तुमची तुकडी सरासरी दीड मिनिट टिकत असेल तर सहा तुकड्या बाद होतात, म्हणजे समोरच्यांना १८ गुण. सरासरी सव्वादोन मिनिटांवर नेली तर चारच तुकड्या, १२ गुण. पाऊण मिनिटाच्या सुधारणेने एका पाळीत सहा गुण वाचतात. लहान गटाची पाळी कमी वेळाची असेल तर तोच हिशेब त्या वेळेने करा. मग समोरच्या संघाचा एक सामना बघून त्यांच्या तुकड्यांची वेळ टिपा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

डावाने जिंकलेल्या सामन्यांवरून मात्र काहीही ठरवू नका. दुबळ्या संघाविरुद्ध मिळवलेले गुण जिल्ह्याला उपयोगी पडत नाहीत. गेल्या वर्षीच्या विजेत्या शाळेला घाबरण्याआधी त्यांचे किती संरक्षक वयोगटाबाहेर गेले ते विचारा. तीन-चार गेले असतील तर तो संघ नवाच आहे असं समजा.

राखीव तिघांत एक तरी संरक्षक ठेवा आणि त्याला सरावात तिन्ही तुकड्यांबरोबर पळवा. पालक किंवा वरून कुणी एखादं नाव सुचवलं तर वही उघडून दाखवा, वेळा वाचू द्या आणि यादीत बदल करू नका. मुलांनाही त्यांच्या वेळा दाखवा; कुठे कमी पडलो हे समजण्याचा त्यांना हक्क आहे. यादी पहिल्या सामन्याच्या निदान तीन आठवडे आधी लावा आणि त्यानंतर दुखापत सोडून कुठल्याही कारणाने तुकड्या मोडू नका.