सरकारी कामाची साइट स्वच्छ कशी ठेवायची, नव्या ठेकेदारांसाठी

टेंडर भरतानाच अटी नीट वाचा, साफसफाईचं वेगळं बिल सहसा निघत नाही, ते तुमच्या रेटमध्येच धरलेलं असतं, त्यामुळे दोन बिगारी आणि डंपरच्या खेपांचा खर्च आधीच लावा, नंतर रडून उपयोग नाही.

राडारोडा रोजच्या रोज वेगळा करा. बांधकामाच्या कचऱ्याबद्दलच्या 2016 च्या नियमात दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांच्या वर कचरा निघत असेल तर काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मॉर्टर असं वेगळं करायला सांगितलं होतं, आणि काम सुरू करायच्या आधी प्लॅन मनपाकडून मंजूर करून घ्यायला. लहान काम असलं तरी ही सवय लावाच.

आपल्या सोलापुरात खरा त्रास धुळीचा. उन्हाळ्यात विजापूर रोडला मी बघितलंय, गटाराचं काम चाललेलं आणि समोरची आजी दुकानातली बिस्किटाची पुडकी दर तासाला फडक्यानं पुसत होती, कारण खडीचा ढीग उघडा पडलेला. हिरवी नेट मारा, वाळूवर ताडपत्री टाका, सकाळ-दुपार पाणी मारा. वाळू गटारात गेली की पहिल्या पावसातच पाणी लोकांच्या उंबऱ्यात येतं की ओ!

क्युरिंगची (काँक्रीटवर मारायच्या पाण्याची) टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डासाची अळी आठवड्याभरात डास होते, आणि डेंग्यू पहिला आपल्याच मजुरांच्या पोरांना होतो. मजुरांना संडास आणि प्यायचं पाणी देणं कायद्यानं तुमच्यावरच आहे, बायकांसाठी वेगळा संडास पाहिजेच.