जिभेच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन मार्कर कसे वाचायचे

मी लॅबमध्ये आयएचसीच्या (टिश्यूतलं ठरावीक प्रोटीन रंगवून दाखवणाऱ्या तपासणीच्या) स्लाइड स्टेन करते, त्यामुळे हे रिपोर्ट रोज डोळ्यासमोरून जातात. आणि नातेवाईक काय करतात तेही दिसतं, रिपोर्ट हातात आला की थेट शेवटच्या पानावरच्या प्रोटीन मार्करवर, केआय-६७ इतके टक्के, पी५३ पॉझिटिव्ह, आणि मग रात्रभर मोबाईलवर शोधत बसायचं. तसं नका करू, प्लीज.

आधी पहिली पानं वाचा. डेप्थ ऑफ इन्व्हेजन शोधा, म्हणजे गाठ आत किती खोल गेलीय ते. २०१७ च्या एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवायचे नियम काढणारी अमेरिकन संस्था) आठव्या आवृत्तीपासून स्टेज यावरही ठरते, दीड सेंटीमीटरचीच गाठ असली पण ६ मिमी खोल गेली असली तर ती टी१ (गाठीची पहिली पायरी) नाही, टी२ (त्यावरची पायरी) धरतात. मग मार्जिन, कापलेल्या कडेपासून कॅन्सर किती लांब, ५ मिमी किंवा जास्त असेल तर बरं. आणि मग मानेतले लिम्फ नोड, किती काढले, कितींमध्ये सापडला, नोडचं आवरण फोडून बाहेर पडलाय का. पुढचा अंदाज बांधायला या नोडइतकं वजन कुठल्याच मार्करला नाही. आवरण फुटलेलं असलं किंवा मार्जिन पॉझिटिव्ह असलं, म्हणजे कापलेल्या कडेवरच कॅन्सर असला, तर रेडिएशनसोबत केमोचाही विचार होतो.

आता मार्कर. टिश्यूच्या एकदम पातळ कापावर अँटीबॉडी टाकतो, ज्या पेशीत ते प्रोटीन आहे तिथे तपकिरी रंग येतो, बाकीची केंद्रकं निळी राहतात. केआय-६७ ४० टक्के म्हणजे मोजलेल्या शंभर कॅन्सर पेशींपैकी चाळीसांची केंद्रकं तपकिरी दिसली, त्या पेशी वाढीच्या चक्रात आहेत एवढंच. जगण्याचे चान्स ४० टक्के असा अर्थ अजिबात नाही! आणि एकाच गाठीत कडेला एक आकडा येतो, मध्यात दुसरा.

पी१६ हा अजून एक प्रोटीन मार्कर, तो बघताना गाठ नेमकी कुठेय ते बघा. जिभेच्या मुळाशी, घशाच्या बाजूला असेल तर पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक एचपीव्ही या व्हायरसशी संबंधित, आणि त्यात निकाल चांगला लागतो. पुढच्या दोन तृतीयांश जिभेला हा नियम लावू नका, नेटवर इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पीडी-एल१ (कॅन्सर पेशी प्रतिकारशक्तीपासून लपायला वापरतात ते प्रोटीन) चा सीपीएस स्कोअर, म्हणजे ते प्रोटीन किती पेशींवर आहे त्याचा आकडा, वेगळ्या कामाचा, मुख्यतः आजार परत आला किंवा पसरला तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का हे ठरवायला.

ईजीएफआर, सायक्लिन डी१, पोडोप्लॅनिन या बाकीच्या प्रोटीन मार्करवर रिसर्च पेपर भरपूर सापडतील. वाचायचेच असतील तर बघा, पेशंट किती होते, फक्त जिभेचे होते की तोंडाचे सगळे कॅन्सर एकत्र केलेत, आणि खोली, नोड हिशोबात धरल्यावरही मार्करचा फरक टिकला का. बऱ्याचदा तिथेच गळतो.

डॉक्टरांना एकच प्रश्न कागदावर लिहून न्या: हा आकडा वेगळा असता तर ट्रीटमेंट बदलली असती का? आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) कुठे ठेवलाय ते विचारून घ्या, पुढे पीडी-एल१ करायची वेळ आली तर त्याच ब्लॉकवर करता येते, पण तो सापडायला हवा.